डोंगर दिसतो कुणाला आणि बोलायचं कुणी?

अहमदाबादला 12 जून 2025 रोजी विमान कोसळलं, आणि तेव्हापासून नाशिकच्या प्रत्येक कट्ट्यावर एक तरी विमानतज्ज्ञ बसलेला असतो. आता सिंहस्थ तोंडावर आलाय, 2027 मध्ये नाशिकच्या ओझर विमानतळावर वर्दळ वाढणार हे उघड आहे, धावपट्टीच्या विस्ताराची चर्चा आहे. त्यामुळे या तज्ज्ञमंडळींना ताजा विषय मिळालाय. आजूबाजूला एवढे डोंगर, वर पावसाळी ढग, मग एखादं विमान डोंगराच्या दिशेने खाली उतरायला लागलं तर त्याला सांगणार कोण? प्रश्न रास्त आहे. उत्तरं मात्र दोनच ऐकू येतात. पहिलं : हल्ली विमानात सगळं असतं, डोंगर जवळ आला की ते आपणहून ओरडतं, खाली बसून विमानांना सूचना देणारा कंट्रोलर काय वेगळं करणार? दुसरं : यंत्रांच्या नादी लागू नका, रडारसमोर अनुभवी माणूस बसवा, तो बघून घेईल. मग दोन्ही बाजू ‘माणूस की यंत्र’ या फाट्यावर येऊन तासन् तास भांडतात. या भांडणाने ओझरला उतरणाऱ्या एकाही प्रवाशाचा जीव वाचणार नाही.

माझं म्हणणं असं आहे. ज्या विमानतळाच्या अंगणात डोंगर आहेत तिथे विमानात कितीही अद्ययावत यंत्र असलं तरी जमिनीवरच्या कंट्रोलरच्या स्क्रीनवरही उंचीचा इशारा हवाच. पण तो बसवला, फीत कापली, पेढे वाटले म्हणजे काम झालं असं मानणारे लोक मला ‘काही नको’ म्हणणाऱ्यांइतकेच धोक्याचे वाटतात. इशारा फुकट वाजायला लागला तर तो नीट कोण करणार? कंटाळून तो बंद करायचा अधिकार कुणाला? आणि खरोखर वाजला तर कंट्रोलरने वैमानिकाला कोणतं वाक्य ऐकवायचं? हे जिथे ठरलेलं नाही तिथे इशारा असून नसल्यासारखा. डोंगरावर आपटलेल्या विमानांचे चौकशी अहवाल वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते : विमान खाली गेलंय हे कुणाला तरी दिसलेलं होतं, किंवा दिसलं असतं अशी सोय झालेली होती. घोटाळा त्यापुढे झाला.

आधी रडारबद्दलचा एक गैरसमज बाजूला करू. रडार म्हणजे आकाशातलं सगळं बघणारा डोळा अशी आपली समजूत असते. विमानतळावरचं साधं प्रायमरी रडार विमान किती लांब आणि कोणत्या दिशेला आहे एवढंच सांगतं. उंची त्याला कळत नाही. उंची सांगतं ते विमान स्वतः. जमिनीवरचं सेकंडरी रडार विचारणा करतं, विमानातला ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो, आणि त्या उत्तरात हवेच्या दाबावरून काढलेली उंची असते. ही सोय नसेल तर काय होतं ते आपण 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीला पाहिलं. कझाकस्तानच्या विमानाला 15,000 फुटांवर थांबायला सांगितलं होतं, सौदी विमान 14,000 फुटांवर होतं. दिल्लीच्या कंट्रोलरपुढे तेव्हा प्रायमरी रडारच होतं. कझाक विमान ठरल्या उंचीच्या खाली सरकलंय हे त्याला स्क्रीनवर दिसण्याची सोयच नव्हती. 349 माणसं गेली. ‘अनुभवी माणूस बसवा, तो बघून घेईल’ म्हणणाऱ्यांनी या एका संध्याकाळचा विचार करावा. बघायला काही असेल तरच माणूस बघेल ना?

आज सेकंडरी रडारसमोर बसलेल्या कंट्रोलरला प्रत्येक ठिपक्याला चिकटलेलं एक लेबल दिसतं. वर कॉलसाइन, खाली शेकडा फुटांतली उंची, तिच्याशेजारी विमान चढतंय की उतरतंय हे सांगणारा बाण, मग वेग. ‘045’ आणि खाली तोंड केलेला बाण म्हणजे साडेचार हजार फुटांवरून उतरतंय. मागच्या कॉम्प्युटरमध्ये सगळा परिसर चौकोनांत वाटलेला असतो आणि प्रत्येक चौकोनातलं सर्वांत उंच टोक नोंदवलेलं असतं. विमान आत्ता कुठे आहे आणि याच गतीने उतरत राहिलं तर थोड्या वेळाने कुठे असेल, याचा हिशेब अखंड चालू असतो. तो हिशेब जमिनीच्या फार जवळ गेला की लेबल लुकलुकायला लागतं आणि आवाज होतो. या व्यवस्थेला ‘एमसॉ’ म्हणतात, म्हणजे किमान सुरक्षित उंचीचा इशारा. विमानाच्या पोटातल्या इशारा-यंत्रापेक्षा ही वेगळी वस्तू आहे. एक वैमानिकाच्या कानात ओरडतं, दुसरी कंट्रोलरच्या डोळ्यांपुढे लुकलुकते, आणि तिच्यापासून वैमानिकापर्यंतचं अंतर माणसाच्या तोंडातून निघालेल्या वाक्याने तोडायचं असतं.

नाशिकला याची गरज काय, असं विचारणाऱ्यांनी एकदा नकाशा काढून बसावं. ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. उत्तरेला सातमाळ्याची रांग. तिच्यातला धोडप, ज्याची ती सुरीने कापल्यासारखी खाच लांबूनही ओळखू येते, 1,470 मीटरच्या आसपास, धावपट्टीपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. त्याच्याही पलीकडे साल्हेर, 1,567 मीटर. नैर्ऋत्येला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी 1,300 मीटरच्या घरात, दक्षिणेला 1,646 मीटरचं कळसूबाई. ताशी साडेचारशे किलोमीटरने येणाऱ्या विमानाला तीस किलोमीटर म्हणजे चार मिनिटं. आणि श्रावणात ब्रह्मगिरी त्र्यंबकच्या माणसालासुद्धा दिवसचे दिवस दिसत नाही, तो वैमानिकाला कुठून दिसणार? शिवाय याच आकाशात ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्याच्या लढाऊ विमानांच्या चाचण्या होतात, नाशिकमधल्याच गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशनच्या तळावरून शिकाऊ वैमानिकांची हेलिकॉप्टर उडतात, आणि त्यांच्यातून वाट काढत प्रवासी विमान खाली यायचं असतं.

सह्याद्रीने विमानं घेतलेली नाहीत असं कुणी समजू नये. 7 जुलै 1962 रोजी बँकॉकहून मुंबईला येणारं आलिटालियाचं डीसी-8 रात्रीच्या अंधारात जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि 94 जण गेले. मुंबई आहे त्याहून जवळ आली असं वैमानिकाला वाटलं आणि तो आधीच खाली उतरायला लागला. 4 ऑगस्ट 1979 रोजी पुण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं छोटं विमान पनवेलजवळच्या डोंगरावर गेलं, 45 जण दगावले. दोन्हींत इंजिन ठीक, पंख ठीक, विमान पूर्णपणे वैमानिकाच्या ताब्यात. फक्त समोर डोंगर आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

पण या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो 24 जानेवारी 1966 चा अपघात. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग 707 विमान जिनिव्हाला उतरण्यापूर्वी आल्प्समधल्या मों ब्लाँ शिखराच्या माथ्याजवळ आदळलं. 117 जणांमध्ये होमी भाभा होते. विमानातल्या दोन दिशादर्शक रिसीव्हरांपैकी एक बिघडलेला होता. आपण मों ब्लाँ ओलांडला असा वैमानिकाचा अंदाज झाला आणि तसं त्याने कळवलं. जिनिव्हाच्या रडार कंट्रोलरला विमान नेमकं कुठे आहे ते बरोबर समजलं होतं. त्याने सांगितलं ते एवढंच, की मों ब्लाँ अजून पाच मैलांवर आहे. आपण वैमानिकाची चूक दुरुस्त केली असं कंट्रोलरला वाटलं. वैमानिकाला आपलं म्हणणं पक्कं झालं असं वाटलं. त्याने ‘रॉजर’ म्हटलं आणि तो उतरत राहिला. फ्रेंच चौकशीने नेमकं यावरच बोट ठेवलं : वाक्य पुरेसं नेमकं नव्हतं. भाभांच्या मृत्यूमागे परकीय हात शोधण्यात आपण जेवढी शाई घालवली तिचा शंभरावा हिस्सासुद्धा या एका वाक्यावर घालवलेली नाही, याची मला नेहमी गंमत वाटते आणि थोडा रागही येतो. तिथे रडार होतं, अनुभवी माणूस होता आणि त्या माणसाला चूक कळलेलीही होती. ‘उतरू नका’ एवढं मात्र कुणी म्हटलं नाही.

आता समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करू. विमानातल्या यंत्राने क्रांती केली यात शंका नाही. डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या इंजिनिअरने केलेलं पहिलं यंत्र रेडिओ अल्टिमीटरने थेट खालची जमीन मोजायचं. 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं विमान डोंगरावर जाऊन 92 जण मेले आणि अमेरिकेने ते यंत्र मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं केलं. त्याची अडचण एकच होती, ते फक्त खाली बघायचं. समोर भिंतीसारखा उभा कडा असेल तर इशारा मिळेपर्यंत उशीर झालेला असायचा. 20 डिसेंबर 1995 रोजी कोलंबियातल्या काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सच्या 757 ला तो मिळाला बारा-तेरा सेकंद आधी. 159 जण गेले. (कालीचं रडार काही वर्षांपूर्वीच बंडखोरांनी उडवून दिलं होतं, म्हणजे जमिनीवरून बघणारंही कुणी नव्हतं.) त्यानंतर पुढची पिढी आली, जिच्या पोटात जगाचा डोंगरांसकट नकाशा असतो आणि जी समोर बघते. या यंत्राने डोंगरावर आपटणाऱ्या प्रवासी जेट विमानांची संख्या जवळपास शून्यावर आणली. तेव्हा ‘विमानात सगळं असतं’ हे म्हणणं हवेतलं नाही.

मग जमिनीवर दुसरा इशारा कशाला? कारण दोन्ही इशारे एकाच चुकीला बळी पडत नाहीत. 23 मे 2022 ची पॅरिसची घटना बघा. कंट्रोलरने उतरणाऱ्या एअरबस ए320 ला हवेचा दाब 1001 ऐवजी 1011 सांगितला. वैमानिकांनी तो आकडा अल्टिमीटरमध्ये, म्हणजे दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्रात, भरला आणि त्या क्षणापासून विमान स्वतःला समजत होतं त्यापेक्षा सुमारे 280 फूट खाली होतं. धावपट्टी यायला मैलभर बाकी असताना ते जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर आलं होतं. सहा फूट! विमानातलं यंत्र गप्प राहिलं. जमिनीवरचं एमसॉ मात्र वाजलं, कारण ट्रान्सपॉन्डर उंची पाठवतो ती प्रमाण दाबावर काढलेली. वैमानिकाने अल्टिमीटरमध्ये काय भरलंय याच्याशी तिचा संबंध नसतो, खालचा कॉम्प्युटर खरा दाब धरून तिचा हिशेब करतो. ज्या चुकीने कॉकपिटमधल्या सगळ्या काट्यांना एकाच वेळी फसवलं, त्या चुकीपासून खालचा इशारा मोकळा होता. दुसरा पहारेकरी ठेवायचा तो असाच, पहिल्याची चूक ज्याला लागत नाही असा.

पण पॅरिसच्या गोष्टीचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा आहे आणि तो सांगायचं जमिनीवरच्या इशाऱ्याचे पुरस्कर्ते टाळतात. इशारा वाजल्यावर कंट्रोलरला बोलायला नऊ सेकंद लागली. आणि तो बोलला काय? मला आत्ता जमिनीजवळचा इशारा मिळालाय, तुम्ही ठीक आहात ना, धावपट्टी दिसतेय ना, अशा अर्थाचं. विमान वाचलं ते धावपट्टी दिसली नाही म्हणून वैमानिकांनी नियमाप्रमाणे आपणहून पुन्हा वर घेतलं, त्यामुळे. मों ब्लाँनंतर 56 वर्षं उलटली होती, यंत्र कुठल्या कुठे गेलं होतं, वाक्य मात्र होतं तिथेच होतं.

असंच एक वाक्य 29 डिसेंबर 1972 रोजी मायामीजवळ बोललं गेलं होतं. ईस्टर्न एअरलाइन्सच्या 401 क्रमांकाच्या विमानाचे वैमानिक चाकांचा एक छोटा दिवा का लागत नाही हे बघण्यात गुंतले होते. ऑटोपायलटने दोन हजार फुटांची उंची धरून ठेवणं कधी सोडलं हे त्यांना कळलंच नाही. कंट्रोलरला स्क्रीनवर 900 फूट दिसले. त्याने विचारलं, कसं काय चाललंय तिकडे? वैमानिकांना वाटलं तो चाकांबद्दल विचारतोय. काही क्षणांत विमान दलदलीत गेलं, 101 माणसं मेली. कंट्रोलर बेफिकीर होता का? मुळीच नाही. त्या काळी स्क्रीनवरचा उंचीचा आकडा अधूनमधून चुकीचा यायचा, ते सर्वांना माहीत होतं, त्यामुळे एका विचित्र आकड्यावरून आरडाओरडा करायची पद्धत नव्हती. त्याला उंची दिसली, तिच्यावर विश्वास ठेवायला कारण नव्हतं आणि ती बोलून दाखवायला ठरलेले शब्द नव्हते. एमसॉचा जन्म या अपघातातून झाला.

नाशिककराला हे समजावून सांगायला लागू नये. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातमी येते अमुक हजार क्युसेकची. तो आकडा ऐकून कुणी जागचा हलत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं म्हटलं की सराफ बाजारातला दुकानदार माल वर चढवायला लागतो. माहिती दोन्हीकडे तीच. फरक एवढाच की एक ऐकून काय करायचं ते कळत नाही आणि दुसरं ऐकल्यावर हात आपोआप कामाला लागतात. आंतरराष्ट्रीय नियमांत कंट्रोलरसाठी असं वाक्य ठरवून दिलेलं आहे : ‘लो अल्टिट्यूड वॉर्निंग, चेक युअर अल्टिट्यूड इमिजिएटली’, आणि त्याला जोडून हवेचा खरा दाब. यात ना कुशल विचारपूस, ना शंका. पॅरिसला हे वाक्य वापरलं असतं तर दाबाची चूक तिथल्या तिथे उघडी पडली असती, कारण वैमानिकाने ऐकलेला आकडा आणि भरलेला आकडा जुळला नसता. नियम पुस्तकात होता, तोंडात नव्हता. तोंडात बसवायला घोकंपट्टी लागते, सराव लागतो, आणि इशारा वाजला की विचार न करता बोलून टाकण्याची मुभा लागते. उगाच वैमानिकाला घाबरवलं म्हणून वरिष्ठ झापतील अशी धास्ती असेल तर कुठलाही कंट्रोलर आधी ‘सगळं ठीक ना?’ असंच विचारणार. आपल्याकडच्या कार्यालयांत ही धास्ती किती असते हे मी वेगळं सांगायला नको.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा, आणि यावर ते बरोबर आहेत : खोटे अलार्म. डोंगराळ विमानतळावर बरोबर मार्गाने येणारं विमानही डोंगराच्या जवळून येतं, त्यामुळे इशारा वारंवार फुकट वाजतो. दिवसात अनेकदा फुकट वाजणारा इशारा माणूस ऐकेनासा होतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मेंदूची रचनाच तशी आहे. 20 जानेवारी 1992 रोजी स्ट्रासबुर्गजवळ एअर इंटरचं ए320 डोंगरावर गेलं, 87 जण दगावले. त्या विमानात जमिनीचा इशारा देणारं यंत्रच नव्हतं. कंपनीने ते बसवलं नव्हतं, कारण तिची विमानं कमी उंचीवर वेगाने यायची आणि त्यात ते नाहक वाजत राहील अशी तक्रार होती. तक्रार खोटी नव्हती. उपाय जीवघेणा होता.

याहून भयंकर गोष्ट प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटाची. 6 ऑगस्ट 1997 रोजी कोरियन एअरचं जम्बो जेट तिथल्या निमित्झ टेकडीवर आदळलं, 228 जण गेले. तिथे जमिनीवर एमसॉ होतं. उत्तम चालत होतं. पण फुकट अलार्मचा त्रास होतो म्हणून रडारच्या 55 सागरी मैलांच्या टापूपैकी 54 मैलांत ते बंद करून ठेवलेलं होतं. इशारा चालू होता तो फक्त कडेच्या एका मैलाच्या पट्टीत, आणि ती पट्टी समुद्रावर होती! यंत्र चालू असतं तर आदळण्याच्या सुमारे मिनिटभर आधी वाजलं असतं असं पुढे चौकशीत दिसलं. एमसॉ बंद ठेवण्याचा निर्णय कुणा एका माणसाने झोपेत घेतला नव्हता. तो रीतसर बदल होता, सॉफ्टवेअरमध्ये केलेला, आणि तो तपासणाऱ्यांच्या नजरेतूनही सुटला. कागदावर ग्वामला इशारा-यंत्रणा होती. कुणी विचारलं असतं तर ‘आहे’ असंच उत्तर मिळालं असतं.

म्हणून खोट्या अलार्मचा मुद्दा मान्य करूनही मी त्याच्या निष्कर्षाशी सहमत नाही. फुकट वाजणारा इशारा हे तो न बसवण्याचं कारण होत नाही. तो नीट करण्याच्या कामाला माणूस, पैसा आणि तारीख नेमून देण्याचं ते कारण आहे. चौकोन लहान करता येतात. धावपट्टीच्या सरळ मार्गासाठी वेगळी मोजपट्टी लावता येते. कोणत्या कोपऱ्यात दर महिन्याला किती फुकट इशारे वाजले हे मोजता येतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं उद्घाटन होत नाही, फोटो येत नाही. नेमकं म्हणूनच ते राहून जातं, आणि मग एक दिवस कुणीतरी वैतागून सगळं गप्प करून टाकतो.

जबाबदारीचा मुद्दाही काढला जातो. डोंगर चुकवायची जबाबदारी वैमानिकाची, कंट्रोलरची नाही, असं नियमच सांगतो म्हणतात. अर्धं खरं आहे. वैमानिक आपल्या ठरलेल्या मार्गाने येत असतो तोवर ती त्याची. पण कंट्रोलरने रडारवर बघून ‘डावीकडे वळा, अमुक दिशा धरा’ असं सांगितलं, म्हणजे वेक्टर दिला, की त्या क्षणापासून डोंगरापासूनचं अंतर राखणं कंट्रोलरकडे येतं. गर्दीच्या दिवसांत वेक्टरच जास्त दिले जातात. सिंहस्थाच्या पर्वण्यांना ओझरकडे एकामागून एक विमानं येत असताना प्रत्येकजण आपल्या मार्गाने निवांत येईल असं कुणी समजत असेल तर त्याने मुंबईच्या आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानांकडे बघावं.

राहिला रडारच्या मर्यादेचा मुद्दा. डोंगराआड रडारला दिसत नाही, लांबच्या रडारला ओझरजवळ कमी उंचीवर उतरणारं विमान दिसेलच असं नाही, आणि नवं रडार महाग पडतं. कबूल. पण आता विमानं उपग्रहावरून घेतलेली आपली जागा स्वतःच प्रसारित करतात, ती ऐकणारे एडीएस-बीचे रिसीव्हर रडारच्या मानाने फार स्वस्त असतात आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंना बसवता येतात. खर्चाचं कारण वीस वर्षांपूर्वी होतं तेवढं मोठं आता राहिलेलं नाही.

आणि मोठी जेट विमानं सुरक्षित झाली म्हणून निर्धास्त होणाऱ्यांना एक विचारायचंय. सिंहस्थात हेलिकॉप्टरने कोण येणार आहे? जमिनीचा इशारा देणाऱ्या यंत्राची सक्ती मुख्यतः मोठ्या प्रवासी विमानांना आहे, लहान विमानं आणि हेलिकॉप्टर यांत कुणाकडे काय आहे याचा भरवसा नाही. 18 ऑक्टोबर 2022 रोजी केदारनाथहून यात्रेकरू घेऊन परतणारं हेलिकॉप्टर धुक्यात डोंगराला धडकलं, सातही जण गेले. त्र्यंबकचा पाऊस आणि केदारनाथचं धुकं यांत वैमानिकाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. ‘विमानात सगळं असतं’ हे वाक्य इथे येऊन संपतं.

शेवटी एक हरकत अशी येते की ओझर संरक्षण खात्याशी जोडलेलं आहे, एचएएलची धावपट्टी, शेजारी हवाई दल, तेव्हा असले प्रश्न विचारू नयेत. का विचारू नयेत? धोडपची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात छापलेली आहे, शाळकरी मुलगाही ती सांगेल. लढाऊ विमानांच्या चाचण्यांचं वेळापत्रक मागत नाही कुणी. विचारायचंय ते एवढंच : प्रवासी विमानं आणि यात्रेची हेलिकॉप्टर कंट्रोलरला उंचीसकट दिसणार आहेत का, दिसत असतील तर कोणत्या भागात इशारा बंद ठेवलाय, कधीपासून, कुणाच्या सहीने, आणि ते ठरलेलं वाक्य कंट्रोलरांकडून शेवटचं कधी घोकून घेतलं गेलं. धावपट्टीच्या लांबीवर आणि टर्मिनलच्या काचांवर आपले लोकप्रतिनिधी बैठकांमागून बैठका घेतात. त्यांतल्या एका बैठकीत हे प्रश्न विचारायला निधी लागत नाही आणि उत्तरं लेखी मागायला कुणाची परवानगीही लागत नाही. ग्वामला ही यादी मागितली गेली ती 228 माणसं मेल्यावर. ओझरची मागायला अजून वेळ आहे.